१८९५ सालचं रहस्यनाटक: डॉक्टरला प्रेत पाहून कितपत कळेल?

रेवती_ल
दोन अंकी नाटक लिहितेय, काळ १८९५. म्हातारा जमीनदार सकाळी मेलेला सापडतो. पुतण्याने तोंडावर उशी दाबलेली असते. डॉक्टर मनगट चाचपून म्हणतो, "मृत्यू रात्री साडेदहाला." मग पुतण्याच्या सदऱ्यावरचा डाग बघून ठणकावतो, "हे माणसाचंच रक्त!" पुतण्या कोसळतो, पडदा. वाचनाच्या वेळी एक जण म्हणाला, यातलं काहीच तेव्हा शक्य नव्हतं. खरं का?

सांगाडा
न्यायवैद्यकात हयात गेली, त्यामुळे राहवत नाही.

रेवतीताई, साडेदहा आधी खोडा. ते आजही जमत नाही. प्रेताचं तापमान, खोलीचं तापमान, वजन असं सगळं धरून हेन्सगेच्या पद्धतीने गणित केलं, तरी उत्तम परिस्थितीत सुमारे पावणेतीन तास अलीकडे-पलीकडे सोडावे लागतात. मालिकांमधले डॉक्टर मिनिटं कुठून आणतात, देव जाणे.

पण तुमचा डॉक्टर अगदीच रिकाम्या हाताचा नाही. प्रेत ताठताना आधी जबडा आणि मान, मग हात, शेवटी पाय, हा क्रम निस्तेंने १८११ मध्येच मांडला होता. जबडा ताठ, पाय सैल, म्हणजे थोडेच तास झालेत, एवढं तो म्हणू शकतो. आणि प्रेत पालथं सापडलं, पण पाठीवर जांभळट झाक पक्की बसलेली असेल, तर ते कित्येक तास उताणं होतं आणि नंतर कुणीतरी उलटवलं. रक्त खाली उतरतं आणि काही तासांनी ती झाक तिथेच टिकते. साडेदहापेक्षा हे रंगमंचावर जास्त चालेल.

उंटावरचा शहाणा
उशी कशाला? सरळ सोमलाचं (आर्सेनिकचं) विष घाला. तेव्हा कुणाला पत्ता लागणार!

सांगाडा
लागला असता की! मार्शची चाचणी १८३६ ची. जठरातला अंश जस्त आणि आम्लात घालायचा, निघणारा वायू पेटवायचा, ज्योतीवर थंड चिनी मातीचा तुकडा धरायचा. सोमल असेल तर काळा चकचकीत थर धरतो. १८४० मध्ये फ्रान्समधल्या लाफार्ज खटल्यात विषतज्ज्ञ ओर्फिलाने याच चाचणीने प्रेतातला सोमल दाखवला. सोमल स्मशानातल्या मातीतून आला नसेल कशावरून, असं कुणी विचारायच्या आत त्याने तिथली मातीही तपासून ठेवली होती. मला चाचणीपेक्षा ती माती जास्त आवडते.

टिचकी
डॉक्टर, तुमचं काम फक्त मेलेल्यांवरच का हो?

सांगाडा
छे! जखमांचे दाखले, वयाची तपासणी, लैंगिक अत्याचारानंतरची तपासणी, ही सगळी जिवंतांवरचीच कामं. बरं सुचवलंत. रेवतीताई, पुतण्यालाही तपासा. म्हाताऱ्याने धडपड केली असेल तर पुतण्याच्या मनगटावर नखांचे चंद्रकोरीसारखे वण दिसतील. म्हाताऱ्याचा ओठ उलटून बघायला लावा. उशीखाली ओठ दातांवर दाबला गेला की आतल्या बाजूला जखम होते. चेहरा मात्र बाहेरून स्वच्छ असू शकतो. कवळी असेल तर ती काढून ठेवलेली दाखवू नका, बोळक्या तोंडात ही खूण सहसा मिळत नाही.

रेवती_ल
ओठाचं नक्की घेते! पण रक्ताचं काय? माझा अख्खा पडदा त्यावर आहे.

सांगाडा
डाग रक्ताचा आहे, इतकं १८९५ मध्ये कळे. टाइखमनने वाळलेल्या रक्ताचे तपकिरी स्फटिक १८५३ मध्येच दाखवले होते. पण ते माणसाचं की जनावराचं, हे खात्रीने सांगायला उलेनहुटची चाचणी यावी लागली. ती १९०१ ची. तुमचा डॉक्टर सहा वर्षं आधीच ठणकावतोय.

रेवती_ल
मग उलटच करते. डॉक्टर म्हणेल, "हे रक्त आहे." पुतण्या शांतपणे म्हणेल, "हो, काल कोंबडी कापली." डॉक्टर गप्प. पडदा!

सांगाडा
कोंबडी नको हो, बोकड कापू दे. पक्ष्यांच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात, आत केंद्रकही असतं. डाग बऱ्यापैकी ताजा असेल तर डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघून पुतण्याला तिथेच खोटं पाडेल.