आई पडली ते आम्हाला आठ दिवसांनी कळलं. तुमच्या घरचा अनुभव सांगाल?

लोकमान्य नगर, इंदूर (धागा मीच सुरू करतेय)

आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तेही पहाटे. नळ आले की आई आजही सगळ्यांच्या आधी उठते. वय ७९. संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी तिला बांगड्या भरायला बसवलं, तेव्हा कोपरापासून मनगटापर्यंत हात पिवळा-जांभळा दिसला.

"अगं आई, हे काय?"

"काही नाही गं, हौदापाशी पाय सटकला. झाले आठ दिवस."

आठ दिवस ती स्वेटरच्या बाह्या खाली ओढून वावरत होती आणि थंडीच आहे म्हणून कुणाला वेगळं काही वाटलं नाही. का नाही सांगितलंस, असं विचारलं तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही मला पाणी भरू दिलं नसतं." खरंच नसतं दिलं.

आता हौदाला बॉल कॉक बसवलाय, भरला की नळ आपोआप बंद होतो. शेवाळलेली फरशी काढून खरखरीत टाइल्स लावल्या. देवाचा तांब्या आणि तुळशीचं पाणी मात्र आईकडेच ठेवलंय.

घरात काय बदल केलेत ते लिहाच. पण मोठ्यांना त्रास होतोय हे तुम्हाला कळलं कशावरून, ते मला जास्त हवंय. आपणहून तर कुणी सांगत नाही.

सुदामा नगर

आम्हाला भिंतीवरून कळलं. दिवाळीआधी रंगकाम काढलं होतं. पेंटर म्हणाला, या भिंतीला एक हात जास्त लागेल. बघतो तर बाबांच्या पलंगापासून संडासापर्यंत, कमरेच्या जरा वर, तळव्यांचे मळकट डाग एका ओळीत. बाबा रात्री दोन-तीनदा भिंत धरधरून जात होते आणि आम्ही शेजारच्या खोलीत गाढ झोपलेले.

बीपीची गोळी जुनी, प्रोस्टेटची नवीन सुरू झालेली. डॉक्टरांनी बीपी आधी आडवं झोपवून मोजला, मग उभं करून. १४४ चा ११६ झाला. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर तो लक्ष देण्यासारखाच, असं ते म्हणाले. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही बीपी उतरतो, हे आमच्या गावीही नव्हतं. त्यांनी गोळ्यांच्या वेळा बदलून दिल्या (आपल्या मनाने कुणी बदलू नका). आता बाबा उठले की आधी पलंगाच्या काठावर पाय सोडून मिनिट-दोन मिनिटं बसतात, पावलं वर-खाली करतात आणि मगच उभे राहतात. वाटेत माणूस आला की लागणारा छोटा दिवाही लावलाय.

आणि डाग होते बरोबर त्या उंचीला स्टीलचा दांडा बसवून घेतला. उंची बाबांना विचारावीच लागली नाही. दांडा विटांच्या भिंतीत खोलवर बोल्ट मारूनच बसवा. टॉवेलच्या रॉडवर भरवसा ठेवू नका, आमच्या काकांच्या हातात तो उपटून आला होता.

माहेर राजेंद्र नगर, सध्या पुणे

एकादशीच्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं, तुझी आई काहीतरीच बोलतेय, अंग घामाने भिजलंय." फोन चालू ठेवूनच मी त्यांना मशीनवर शुगर बघायला लावली. ४८! आई गिळू शकत होती, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली तर ८२, मग दूध-केळं दिलं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ १०८ लावायचा. डॉक्टरांनी रात्रीपर्यंत पुन्हापुन्हा शुगर बघायला सांगितलं, कारण तिच्या शुगरच्या गोळीचा असर लांबतो.

दुसऱ्या दिवशी इंदूर गाठलं आणि घरातली सगळी औषधं एका ताटात ओतली. दोन डॉक्टरांच्या दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या, आणि दोन्ही पाकिटांवर बारीक अक्षरात एकच शब्द: ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर उतरवणारं तेच औषध. आई दोन्ही घेत होती, त्यात उपास. पंधरा दिवसांपासून हातपाय थरथरत होते तिचे. "वयच झालंय, म्हणून बोलले नाही," म्हणाली.

आता सगळी औषधं पिशवीत घालून एकाच डॉक्टरांना दाखवतो. उपासाच्या दिवशीची गोळी किती, तेही त्यांच्याकडून लिहून घेतलंय. उपास सोड म्हटलं असतं तर आईने ऐकलं नसतं, आणि पुढच्या वेळी थरथर पुन्हा लपवली असती.

रामबाग

आजोबा न्हाणीघरात पडले ते दाराला टेकूनच, आणि दार आत उघडणारं. कडी आतून. कापायला सुतार येईपर्यंत पाऊण तास गेला. सगळ्यात आधी दार बाहेर उघडणारं करून घ्या आणि कडी काढून टाका. आमच्याकडे आत कुणी असलं की मुठीला लाल पंचा असतो.

तिलक नगर, वय ७६, एकटी राहते

आम्ही लपवतो, हे खरं आहे. कारण सांगते. माझी मैत्रीण मार्चमध्ये घरात एकदा पडली आणि मे महिन्यात तिच्या घराला कुलूप लागलं. मुलगा प्रेमानेच घेऊन गेला. पण तिची भजनाची मंडळी, तिचा ओटा, तिची भाजीवाली, सगळं इथेच राहिलं. हे डोळ्यांसमोर असताना कोण सांगेल?

म्हणून मी मुलीशी ठरवून टाकलं: मी काहीही लपवणार नाही आणि तू एका पडण्यावरून माझं घर बंद करणार नाहीस. सकाळी सातपर्यंत मी पुढच्या खिडकीचा पडदा सारते. सरला नाही तर समोरच्या वहिनी बेल वाजवतात, त्यांच्याकडे किल्ली आहे. फोन टेबलावर असेल तर जमिनीवर पडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? मी गाऊनला खिसे शिवून घेतलेत.

फिजिओथेरपिस्टकडून जमिनीवरून उठायलाही शिकले. आधी कुशीवर वळायचं, मग हातागुडघ्यांवर यायचं, रांगत जड खुर्चीपाशी जायचं, एक पाऊल पुढे टेकवून खुर्चीवर जोर देत उठायचं. पण जांघेत कळ येत असेल किंवा पाय आखूड, बाहेर वळलेला दिसत असेल तर हलायचं नाही. मदत येऊ द्यायची.

आणखी एक. ७० आणि त्यापुढच्यांना आयुष्मानचं कार्ड मिळतं, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, हॉस्पिटलमधले उपचार वर्षाला ५ लाखांपर्यंत. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे. दोन्ही मी स्वयंपाकघरात मोठ्या अक्षरात लिहून लावलंय.

लोकमान्य नगर

तिलक नगरच्या मावशी, तुमचं लिहिलेलं आईला दोनदा वाचून दाखवलं. मैत्रिणीचं आलं तेव्हा तिने डोळे पुसले. थोड्या वेळाने म्हणाली, "जिन्याच्या दिव्याचं बटण वरतीच आहे. खालूनही हवं." मी विचारलं, "का गं?" जरा थांबून म्हणाली, "गणपतीत दोन पायऱ्या घसरले होते."

उद्या वायरमन येतोय.