भारद्वाज आणि कुंभारकावळा एकच का? आणि पक्ष्याला ऋषींचं नाव कसं?

शेवगा_७
सोसायटीच्या मागच्या कुंपणावर रोज सकाळी एक पक्षी येतो, अंग काळं, पंख विटकरी, डोळे लालभडक, उडण्यापेक्षा चालतोच जास्त. शेजारच्या काकू त्याला बघून हात जोडतात, भारद्वाज दिसला म्हणजे दिवस चांगला जाणार म्हणतात. गावी आजीला फोटो पाठवला तर ती म्हणाली अगं हा तर कुंभारकावळा! दोन्ही एकच का? आणि भारद्वाज तर गोत्र ना?

रानवाट
हो ताई, एकच. हिंदीत महोख. नावात कावळा असला तरी हा कोकिळेच्या कुळातला, पण कोकिळेसारखी दुसऱ्याच्या घरट्यात अंडी नाही घालत, दाट झाडीत स्वतः घरटं बांधतो आणि पिल्लंही स्वतःच वाढवतो.

मालवणी_माणूस
आमच्याकडे कुकुडकोंबा, गोव्यात कुकुडकोंबो. दुपारी सगळं शांत असताना बांबूच्या बेटातून कूप् कूप् कूप् सुरू होतं, मडक्यात तोंड घालून आवाज काढावा तसं घुमतं, आणि पक्षी काही केल्या दिसत नाही. गंमत बघा, कुणाला ह्याच्यात कावळा दिसतो कुणाला कोंबडा, इंग्रजीत तर जुनं नाव क्रो फेझंट, क्रो म्हणजे कावळा आणि फेझंट कोंबडीच्या कुळातला पक्षी, म्हणजे तिथेही तेच दोन्ही!

जुनी_वही
ऋषींच्या नावाबद्दल. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात पक्ष्यांच्या नावांमध्ये 'व्याघ्राटः स्याद् भरद्वाजः' (व्याघ्राट म्हणजेच भरद्वाज) असं आहे, म्हणजे पक्ष्याचं नाव म्हणून हा शब्द संस्कृतातच होता, मराठीने नवीन नाही काढला. पण संस्कृत कोशांत भरद्वाजचा अर्थ चंडोल देतात, आकाशात उंच जाऊन गाणारा तो छोटा मातकट पक्षी. तुमच्या कुंपणावरचा पक्षी त्याच्या अगदी उलट! म्हणजे मराठीत येताना नाव एका पक्ष्यावरून दुसऱ्यावर गेलं. शब्द फोडला तर भरत् + वाज, वाज म्हणजे बळ किंवा अन्न, ते धारण करणारा. भरद्वाज हे ऋषी आणि भारद्वाज म्हणजे त्यांच्या कुळातला, म्हणून गोत्राला काना लागतो, आणि पक्ष्यालाही आपण तसाच लावतो. पण म्हणून कुंभारकावळा हे नाव कमी प्रतीचं समजू नका, मला तर तेच जास्त आवडतं, पंखांचा रंग बघा, भट्टीतून काढलेल्या मडक्याचाच आहे.

शेवगा_७
खूप खूप आभार सगळ्यांचे! आजीला लगेच फोन केला. ती म्हणाली आमच्या विहिरीजवळच्या करवंदीच्या जाळीत अजून येतो तो, गोगलगायी खायला.