प्लग-इन हायब्रिड की पूर्ण इलेक्ट्रिक: कार्बनचा हिशोब कसा मांडायचा?

गाडीवान:
कोळशाच्या विजेवर चार्ज केली तर इलेक्ट्रिक गाडीचा उपयोग शून्य, असं एकीकडे ऐकू येतं. दुसरीकडे प्लग-इन हायब्रिडच्या (पेट्रोल इंजिन आणि प्लग लावून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेल्या गाडीच्या) माहितीपत्रकात किलोमीटरला ३०-४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड छापलेला असतो. रोजची धाव कमी आणि मधूनमधून लांबचा पल्ला असेल, तर खरा आकडा कसा काढायचा? बॅटरी बनवतानाचं उत्सर्जनही धरा.

विद्युतगणित:
आधी सगळं एका मापात आणू. लिटरभर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. तेल उपसणं, शुद्ध करणं, वाहून नेणं धरलं की २.८ किलोच्या आसपास. १०० किमीला ६.५ लिटर लागणारी गाडी म्हणजे किलोमीटरला १८२ ग्रॅम.

इलेक्ट्रिक गाडीला १०० किमीला बॅटरीतून १७ युनिट लागले, तर भिंतीतून १९ लागतात, कारण चार्जिंगमध्ये दहाएक टक्के उष्णता होऊन जातात. युनिटमागे ४५० ग्रॅम उत्सर्जन असलेल्या ग्रिडवर, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्यावर, हे किलोमीटरला ८६ ग्रॅम होतात. ६० युनिटची बॅटरी बनवताना युनिटमागे ७५ किलो धरा, म्हणजे ४.५ टन. किलोमीटरला ९६ ग्रॅम वाचतात, तेव्हा साधारण ४७ हजार किमीत हा बोजा फिटतो.

निव्वळ कोळशाच्या विजेवर, म्हणजे युनिटला ९०० ग्रॅम धरून, हाच आकडा चार लाख किमीवर जातो. तेवढ्यापुरता तो आक्षेप खरा आहे. पण १०० ग्रॅमच्या ग्रिडवर २८ हजार किमी पुरतात.

वायरमन:
वरचा हिशोब पटतो, फक्त एक भर. ग्रिड गाडीच्या आयुष्यभर तसाच राहत नाही. सौर-पवन वाढले की आज घेतलेली इलेक्ट्रिक गाडी दरवर्षी आपोआप स्वच्छ होत जाते. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत हे होत नाही.

आता प्लग-इन हायब्रिड. माहितीपत्रकातल्या आकड्यावर अजिबात विसंबू नका. २०२१ मध्ये नोंदलेल्या गाड्यांच्या इंधन-नोंदी युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केल्या, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष उत्सर्जन चाचणीतल्या, म्हणजे माहितीपत्रकात छापतात त्या, आकड्याच्या सरासरी ३.५ पट निघालं. लोक गाडी जितकी विजेवर चालवतील असं चाचणी गृहीत धरते, तितकी ते चालवत नाहीत. चार्जच होत नाही, हे मुख्य दुखणं.

इंजिनावर १०० किमीला ७ लिटर आणि विजेवर भिंतीतून २२ युनिट धरा. त्याच ४५० ग्रॅमच्या ग्रिडवर ८० टक्के धाव विजेवर झाली तर ११८ ग्रॅम, ३० टक्के झाली तर १६७. प्लग कधीच लावला नाही तर १९६, म्हणजे साध्या पेट्रोल गाडीपेक्षाही जास्त! जड बॅटरी आणि मोटर फुकट वाहिली जाते.

गाडीवान:
बॅटरी भरलेली असतानाही इंजिन मधेच का सुरू होतं?

वायरमन:
बहुतेकदा हीटरमुळे. अनेक मॉडेलांत केबिनची ऊब इंजिनाच्या गरम पाण्यातून येते, म्हणून थंडीत बॅटरी भरलेली असूनही इंजिन चालू होतं. उपाय म्हणजे विजेवर चालणारा हीटर किंवा हीट पंप असलेलं मॉडेल घ्या आणि प्लग लावलेला असतानाच केबिन गरम करून निघा. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरी इंजिन जागं होतं. इंजिनावर बॅटरी भरणारा ‘चार्ज’ मोड बंदच ठेवा. पेट्रोलची ऊर्जा दोनदा रूपांतरित होते आणि दोन्ही वेळा घट लागते.

विद्युतगणित:
मोजताना डॅशबोर्डवरचे युनिट घेऊ नका, त्यात चार्जिंगची घट धरलेली नसते. चार्जरच्या लाइनवर वेगळा मीटर बसवा, टाकी काठोकाठ भरा, ट्रिप मीटर शून्य करा. पुढच्या वेळी टाकी पुन्हा काठोकाठ भरताना लागलेले लिटर गुणिले २.८, मीटरचे युनिट गुणिले तुमच्या ग्रिडचे युनिटमागचे किलो. बेरजेला किलोमीटरने भागा. चार्जिंग फार कमी अ‍ॅम्पिअरवर नको. गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स चार्जिंगभर शे-दोनशे वॅट खाते, त्यामुळे वेळ लांबला की घटीचा वाटा वाढतो.