प्रति: ग्राफीन आलं, आता सिलिकॉनचं काय?
वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की ग्राफीन (कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा थर) आलं म्हणजे सिलिकॉनचे दिवस भरले. इतकी घाई नको. ग्राफीनला बँडगॅपच नाही (म्हणजे वीज अडवायला लागणारी इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतली फट), त्यामुळे त्याचा ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच, धड बंद होत नाही. लॉजिक चिपसाठी (आकडेमोड करणाऱ्या) तिथेच घोडं अडतं. ग्राफीन वाढवणं त्यामानाने सोपं. पुण्यात पाषाणला आमच्या लॅबमध्ये तांब्याची फॉइल भट्टीत साधारण १००० अंश सेल्सिअसला तापवून मिथेन (कार्बन यातूनच येतो) आणि हायड्रोजन सोडतो. तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही, म्हणून एक थर झाला की वाढ बहुतेक आपोआप थांबते. खरी कटकट पुढेच, ते ग्राफीन तांब्यावरून सिलिकॉनवर नेताना. ग्राफीनवर आधाराला पॉलिमर (प्लास्टिकसारखा थर) चढवायचा, खालचं तांबं फेरिक क्लोराइडने खाऊन टाकायचं आणि पाण्यावर तरंगणारा तो जेमतेम दिसणारा तुकडा सिलिकॉनच्या चकतीवर अलगद उचलायचा. सुरकुती पडली की मोबिलिटी (इलेक्ट्रॉन किती सहज धावतात ते) घसरलीच! सेन्सरसाठी मात्र मी ग्राफीनवर पैज लावेन.