गळती दुरुस्त होत नाही म्हणून भाडं थांबवलं, आता मालकाची वकिली नोटीस. पुढे काय करावं?

मुगभाट_गल्ली

नमस्कार मंडळी. गिरगावातली तीन मजली, पागडीची (सुरुवातीला ठोक रक्कम, मग नाममात्र भाडं), उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) इमारत. आतून लाकडी वासे, वर कोबा. मागच्या बाजूच्या सहा खोल्यांच्या मोऱ्यांना लागून संडासाचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) उभा पाइप जातो. त्या बाजूची भिंत बारमाही ओली, दुसऱ्या मजल्यावर प्लास्टर सुटून वासे उघडे पडलेत. तोंडी सांगून झालं, मालकांचं उत्तर ठरलेलं: 'रिडेव्हलपमेंट होणार आहे, आता खर्च कशाला?'

भाडं प्रत्येकी ८५० रुपये. सहाही भाडेकरूंनी ठरवून नऊ महिने भाडं दिलेलं नाही. आता प्रत्येकाला थकबाकी मागणारी वकिलाची नोटीस आली आहे. काहींचं म्हणणं, दुरुस्ती होईपर्यंत भाडं द्यायचंच नाही. एक कुटुंब खोलीला कुलूप लावून विरारला जायच्या विचारात आहे. आपण खर्च करून भाड्यातून वळता केला तर चालतं का? नोटिशीला काय उत्तर द्यावं?

---

लघुवाद

सर्वांत आधी भाडं भरा. दुरुस्तीचं भांडण आणि भाड्याचं भांडण कायद्यात दोन वेगळ्या रुळांवर चालतं. दुरुस्ती होत नाही म्हणून सरसकट भाडं थांबवण्याचा हक्क महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ देत नाही. थांबवलंत की ज्या मालकाकडे घर खाली करायला एकही कारण नव्हतं त्याला तुम्ही स्वतःहून कारण देता.

नोटिशीचं गणित कलम १५ मध्ये आहे. थकबाकीची लेखी मागणी भाडेकरूला पोचल्यापासून ९० दिवस होईपर्यंत मालकाला त्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. म्हणजे पाकीट हातात पडलं ती तारीख महत्त्वाची, नोटिशीवर छापलेली नव्हे. पाकीट जपून ठेवा. या मुदतीत सगळी बाकी भरलीत की विषय तिथेच मिटतो.

मुदत चुकली आणि दावा लागला तरी एक संधी असते. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत कोर्टात थकबाकी, त्यावर वार्षिक १५ टक्के सरळ व्याज आणि दाव्याचा खर्च भरायचा, आणि निकाल लागेपर्यंत पुढचं भाडं नियमित भरत राहायचं. घरं इथेच जातात. लोक पहिली मोठी रक्कम भरतात आणि मग वर्षभर विसरतात. 'नियमित' हा शब्द कोर्ट गांभीर्याने घेतं.

आकडा किती छोटा आहे ते पाहा. नऊ महिन्यांचं भाडं ७,६५० रुपये. व्याज काढायचं तर पहिल्या महिन्याचं भाडं नऊ महिने थकलंय, शेवटच्याचं एक, एकूण बेरीज ४५ महिने. ८५० वर महिन्याचं व्याज १० रुपये ६२ पैसे, गुणिले ४५ म्हणजे साधारण ४७८. आठ हजारांच्या आसपासच्या रकमेसाठी गिरगावातली खोली पणाला लावायची नसते.

नोटिशीला उत्तर द्याच, आणि त्यात मागणीची फोड मागा: निव्वळ भाडं किती, घरपट्टीतली वाढ किती, पाणीपट्टी किती, दुरुस्ती उपकर किती. पुष्कळ नोटिशींत फुगवलेला एकच आकडा असतो. वादातली रक्कम सोडून जी निर्विवाद देय आहे ती 'हक्क अबाधित ठेवून' असं लिहून लगेच पाठवा. तीन वर्षांपेक्षा जुनी भाडेबाकी वसूल करण्याचा हक्क मुदतबाह्य होतो, तेही तपासा.

पैसे असे द्या की पुरावा मागे राहील. अकाउंट पेयी चेक आणि सोबत कोणत्या महिन्यांचं भाडं ते सांगणारं पत्र, पोचपावतीच्या टपालाने. किंवा मनीऑर्डर. मालकाने नाकारलं आणि पाकीट 'घेण्यास नकार' शेऱ्यासह परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकिटच पुरावा आहे. पैसे घेतले तर पावती देणं मालकाला कलम ३१ नुसार बंधनकारक आहे.

आणि त्या विरारवाल्या कुटुंबाला आजच थांबवा. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरात नसेल तर कलम १६ खाली तेही ताबा मागायचं कारण होतं. गळती हे योग्य कारण ठरू शकेल, पण ते सिद्ध करण्याचं ओझं तुमच्या डोक्यावर येतं. जावंच लागलं तर आधी मालकाला लेखी कळवा की अमुक भिंतीच्या अवस्थेमुळे तात्पुरतं बाहेर राहतोय, दुरुस्ती होताच परत येणार. विजेचं मीटर चालू ठेवा, सामान ठेवा, रेशनकार्डाचा पत्ता बदलू नका.

---

मुगभाट_गल्ली

आभारी आहे. भाड्याचं कळलं. पण स्वतः दुरुस्ती करून वळतं करण्याचं काय? प्लंबरने उभा पाइप बदलायचे १८,४०० सांगितलेत.

---

लघुवाद

कलम १४. घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं कर्तव्य. भाडेकरूने एकट्याने किंवा सगळ्यांनी मिळून किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी वेळेत काम झालं नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात. मात्र वर्षाला, त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच.

८५० प्रमाणे वर्षाचे १०,२००, चौथा हिस्सा २,५५०. एकट्याने १८,४०० खर्च केले तर वसूल व्हायला सात वर्षांवर जातील. म्हणून नोटीस सहाजणांनी मिळून द्या. प्रत्येकाचा वाटा ३,०६७ होतो. पहिल्या वर्षी २,५५० वळते, उरलेले ५१७ दुसऱ्या वर्षी. संपलं. वळती करताना भाड्याच्या पत्रात दर वेळी लिहा: देय इतकं, कलम १४ खाली वजा इतकं, शिल्लक बाकी इतकी.

खर्चाचा हिशेब आणि व्हाउचर मालकावर बंधनकारक ठरतात, हा या कलमाचा सर्वांत उपयोगी भाग. पण व्हाउचर म्हणजे व्हाउचर. चिठ्ठीवर 'पाइप काम १८ हजार मिळाले' असं लिहिलेलं नव्हे. बिलावर पत्ता, कामाचं वर्णन, मालाचं माप, मजुरी वेगळी, सही आणि तारीख हवी. पैसे बँकेतून द्या.

---

नळकाम

कायद्याचं वर आलं आहे. आधी गळती नक्की कुठली ते ठरवा, नाहीतर १८ हजार घालून भिंत तशीच ओली राहील आणि मालक म्हणेल, चुकीचं काम केलंत, कशाचे पैसे?

ओल वाढते कधी ते बघा. पाण्याच्या वेळेलाच वाढत असेल तर दोष पुरवठ्याच्या नळात, कारण एरवी त्यात दाब नसतो. वरची मोरी वापरली की तासाभरात थेंब येत असेल तर नहाणी ट्रॅप (मोरीच्या जाळीखालचा, पाणी साठून वास अडवणारा भाग) किंवा त्याचा जोड. फक्त पावसात येत असेल तर गच्ची, कौलं किंवा बाहेरच्या भिंतीची तडा. बारमाही, वासासकट आणि वरून खालपर्यंत उभा पट्टा असेल तर संडासाचा पाइप. तुमच्या वर्णनावरून शेवटचंच वाटतं, तरी खात्री करा: वरच्या मजल्यावर बादलीभर पाण्यात खायचा लाल रंग मिसळून आधी मोरीत ओता, खाली बघा. दुसऱ्या दिवशी तेच संडासात. काँक्रीटच्या स्लॅबवर मोरी तुंबवून पाणी साठवायची चाचणी करतात, ती इथे करू नका. लाकडी वाशांवर चोवीस तास पाणी उभं केलं तर आधीच कुजलेलं टोक तेवढ्याने बसेल.

ओलीच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला, दर आठवड्याला फोटो. कोर्ट कमिशनर (कोर्टाने पाहणीसाठी नेमलेला माणूस) आला तर हेच कामाला येतं.

बिडाचा जुना पाइप बहुधा मागून फुटतो, भिंतीकडच्या बाजूने, कारण तिथे रंगाचा हात कधी पोचत नाही. पुढून ठणठणीत दिसतो. म्हणून 'जोडाला एम-सील लावून देतो' म्हणणाऱ्याला परत पाठवा. बदलायचा तर तळापासून गच्चीच्या वरपर्यंत पूर्ण. अर्धा पीव्हीसी, अर्धा बीड ठेवलात की दोहोंच्या सांध्यातून वर्षात गळणार. तसं करणं भागच असेल तर रबर रिंगचा अडॅप्टर हवा, सिमेंटचा जोड नको. पीव्हीसी घ्यायचा तर ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा पाइप), टाइप बी. टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपाला असतो आणि स्वस्त असल्यामुळे प्लंबर तोच आणतो. पाइपावर छापलेलं वाचा. प्रत्येक मजल्यावर दरवाजा असलेला बेंड घाला, नाहीतर पुढे तुंबल्यावर पाइप फोडावा लागतो. वरचं तोंड उघडं, जाळीची टोपी लावून. ते बंद केलं तर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि घरात वास येतो.

वाशांकडे आता या. वासा मधे कुजत नाही, भिंतीत शिरतो त्या टोकाला कुजतो. स्क्रूड्रायव्हर टोकाशी दाबून पाहा. अर्धा इंच सहज आत गेला आणि लाकूड भुग्यासारखं निघालं तर तो वासा भार घेत नाहीये. अशा वेळी प्लास्टर मारून झाकणं हा सर्वांत धोकादायक प्रकार आहे. आधी टेकू, मग म्हाडाच्या (राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या) दुरुस्ती मंडळाला अर्ज. उपकरप्राप्त इमारतीत वासे, गर्डर, जिना ही कामं त्या मंडळाच्या कक्षेत येतात, त्यासाठीच उपकर भरला जातो. अर्जाला उपकराचं बिल, फोटो आणि भाडेकरूंची यादी जोडा.

---

चाळीचा_मालक

दुसरी बाजूही मांडतो. ८५० रुपये भाड्याच्या वीस खोल्या म्हणजे महिन्याला १७,००० आणि वर्षाला फक्त ४ टक्के वाढ. त्यातून अख्ख्या इमारतीची डागडुजी होत नाही, हे भाडेकरूंनाही ठाऊक असतं. म्हणून सल्ला असा, की नोटीस पाठवताना दोन पर्याय द्या: मालकाने काम करावं, किंवा भाडेकरू करतील त्याला लेखी परवानगी द्यावी. बरेच मालक दुसरा पर्याय स्वीकारतात, कारण त्यांच्या खिशातून लगेच काही जात नाही. परवानगीचं पत्र मिळालं की पुढे 'आमच्या संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं' हा आरोपही बंद होतो.

तो आरोप हलका समजू नका. दुरुस्तीच्या निमित्ताने भिंत सरकवणं, पोटमाळा बांधणं, मोरी बाहेर घेणं, यावर ताब्याचे दावे होतात आणि मालक जिंकतात. लाकडी पार्टिशन, ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, एक्झॉस्ट, हवेसाठी खिडकी या गोष्टी पालिकेची जिथे लागते ती परवानगी घेऊन केल्या तर कायमचं बांधकाम मानत नाहीत. जे होतं तेच, तिथेच, त्याच मापात करा.

पाणी किंवा जिन्याचा दिवा तोडून भाडं वसूल करू पाहणाऱ्या मालकांना मात्र माझी सहानुभूती नाही. कलम २९ खाली भाडेकरू कोर्टातून ते परत सुरू करून घेऊ शकतो.

---

बोरिवलीची_तन्वी

हे सगळं लीव्ह अँड लायसन्सला (ठरावीक मुदतीच्या करारावर घेतलेल्या घराला) लागू आहे का? आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये बाथरूमची गळती आणि थकलेलं भाडं, दोन्ही चालू आहे.

---

लघुवाद

नाही, तन्वीताई. तिथे तुम्ही भाडेकरू नसून परवानाधारक असता आणि नोंदणीकृत करार हाच सगळा आधार. कलम १४ ची वळती करायची सोय गृहीत धरू नका. 'मालक मोठी दुरुस्ती करेल' हे करारात नसेल तर तोंडी आश्वासनाला फारशी किंमत नाही, कारण सक्षम प्राधिकाऱ्यापुढे (असे वाद ऐकणाऱ्या अधिकाऱ्यापुढे) करारात लिहिलेलं हाच निर्णायक पुरावा धरतात. मुदत संपल्यावर राहिलात तर परवाना शुल्काच्या दुप्पट नुकसानभरपाई. समन्स आल्यावर ३० दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागावी लागते, नाहीतर आदेश निघतो. 'डिपॉझिटमधून कापून घ्या' म्हणून शेवटचे महिने भाडं थांबवणं करारात तसं कलम असेल तरच करा. गळती मुदतीच्या आतच ईमेलने कळवा, फोटो जोडा, आणि सोसायटीलाही प्रत द्या, कारण वरच्या फ्लॅटचा दोष असेल तर सोसायटीला मधे पडावं लागतं.

करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदवलेला नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात.

---

मुगभाट_गल्ली

शेवटचा प्रश्न. मालकांनी इमारत सी-१ (अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याजोगी) ठरवणारा अहवाल आणला तर? तेवढीच भीती सगळ्यांना आहे.

---

लघुवाद

तर तुम्हीही स्वतंत्र स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. दोन अहवाल एकमेकांविरुद्ध गेले की पालिकेची तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते. रिकामी करण्याची नोटीस खरोखर निघाली तर सही करून किल्ली देण्याआधी प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ आणि भाडेकरूचं नाव असलेली यादी पालिकेच्या किंवा मंडळाच्या शिक्क्यानिशी घ्या. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. त्या यादीत नाव यायला लागतात भाडेपावत्या. म्हणून नऊ महिन्यांचा चेक आणि पंधरा दिवसांची नोटीस दोन स्वतंत्र पाकिटांत, एकाच दिवशी टाका.