खोलात जाऊन लिहिणारे बातमीदार : तुमचे अनुभव

जुन्या कात्रणांची फाइल चाळताना भागलपूरची बातमी हाती लागली आणि ती प्रथम वाचताना बसलेला हादरा पुन्हा जाणवला. १९८० साली अरुण सिन्हा यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मधून उघडकीस आणले की, बिहारच्या पोलिसांनी कच्च्या कैद्यांचे डोळे फोडून त्यांत ॲसिड ओतले होते. या कृत्याला तिथल्या बऱ्याच लोकांचा उघड पाठिंबा होता, आणि अशा वातावरणात ही बातमी तडीस नेणे मला फार मोठे वाटते. आरोपीला प्रथम दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतानाच मोफत वकील मिळाला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये याच प्रकरणात बजावले. तुमच्या मनात घर करून राहिलेले बातमीदार कोणते, ते लिहावे.

आयडा टार्बेल
मी हिशेबतपासनीस आहे, त्यामुळे माझे उत्तर ठरलेले आहे. १९०२ पासून ‘मॅक्ल्युअर्स’ मासिकात टार्बेल यांनी स्टँडर्ड ऑइल या बलाढ्य अमेरिकी तेल कंपनीवर लेखमाला लिहिली. त्यांचा बराचसा पुरावा न्यायालयातल्या साक्षींत आणि सरकारी चौकशांच्या अहवालांत आधीपासूनच पडून होता. तो ओळीने लावण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. रेल्वे कंपन्या स्टँडर्डला भाड्यात गुपचूप सूट देत, हे एक वेळ समजू शकते. पण प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातलाही वाटा स्टँडर्डच्या पदरात पडावा अशी तजवीज एका करारात होती, हे वाचून मी पान मिटून बसलो होतो. असा व्यवहार एका कागदावर कधीच दिसत नाही, दोन पक्षांची खाती शेजारी ठेवावी लागतात. कंपनीतलेच बडे अधिकारी हेन्री रॉजर्स यांना त्या वारंवार भेटत राहिल्या आणि तरीही लेखणी बोथट होऊ दिली नाही. १९११ मध्ये न्यायालयाने त्या कंपनीचे तुकडे केले.

निर्देशिका
वरील प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी ग्रंथपाल आहे आणि ‘बोस्टन ग्लोब’ या अमेरिकी दैनिकाच्या स्पॉटलाइट या शोधबातम्यांच्या चमूचे २००२ चे काम मला याच कारणासाठी प्रिय आहे. मुलांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी असलेल्या धर्मगुरूंना चर्च गुपचूप हलवत असे. चर्चच्याच वार्षिक निर्देशिकांत अशांच्या नावापुढे ‘आजारपणाची रजा’ यासारखे शेरे असत. चमूने वर्षामागून वर्षाच्या निर्देशिका काढून अशी नावे टिपली. त्या निर्देशिका कोणीतरी जपून ठेवल्या होत्या, याचा आमच्या पेशातल्या प्रत्येकाला अभिमान वाटायला हवा.

दुसऱ्या बाजूने
माझा अनुभव वाचकाचा नाही, मुलाखत दिलेल्या व्यक्तीचा आहे. आमच्या कार्यालयातल्या एका गैरव्यवहाराबद्दल एक बातमीदार बाई माझ्याशी बोलल्या होत्या. मी सांगितलेली तारीख त्यांनी हजेरीपटाशी ताडून पाहिली, आवक-जावक नोंदवहीतला क्रमांक मागितला, आणि छापण्याआधी माझी वाक्ये मला फोनवर वाचून दाखवली. ज्यांच्यावर आरोप होता त्यांनाही खुलाशासाठी पुरेसा वेळ दिला. माझ्यावर त्यांनी आंधळा विश्वास ठेवला नाही, म्हणूनच मला त्यांचा आधार वाटला.

@दुसऱ्या बाजूने
हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. नोकरीत राहून बोलणे किती अवघड असते, याची कल्पना आहे.

पी. साईनाथ
यांचे नाव अजून कसे आले नाही? नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते देशातल्या अतिगरीब जिल्ह्यांत फिरले. उपासमारीने मृत्यू झाला की बातमी होते, पण त्याआधी वर्षानुवर्षे चाललेली उपासमार बातमी ठरत नाही, हे मला त्यांच्या लेखनामुळे उमगले. शेतीची कामे नसतात त्या महिन्यांत माणसे काय करून जगतात, हे पाहण्यासाठी ते मुद्दाम त्या दिवसांत तिथे राहिले. विषयाची निवड इथेच अर्धी झाली, असे माझे मत आहे.

सूत्र
मी बरीच वर्षे बातम्यांच्या डेस्कवर काढली, म्हणून चित्रा सुब्रमण्यम यांचा उल्लेख करतो. बोफर्स तोफांच्या खरेदीतल्या लाचखोरीची कागदपत्रे त्यांना देणारे स्वीडिश पोलीस अधिकारी स्टेन लिंडस्ट्रॉम यांनी २०१२ मध्ये स्वतःच आपले नाव जाहीर केले. तोवर सुमारे पाव शतक, सर्व बाजूंनी दबाव असताना, सुब्रमण्यम यांनी ते नाव ओठांवर येऊ दिले नव्हते. आमच्या डेस्कवर नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी ही हकिगत पहिल्याच आठवड्यात सांगत असे.