पास्टर दर रविवारी शिकवतातच, मग स्वतः बायबलचा अभ्यास कशाला?

प्रश्न
सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. बरेच दिवस मनात आहे ते आज विचारते. मी लहानपणापासून मंडळीत आहे, उपासना चुकवत नाही, संदेश मन लावून ऐकते, मोबाईलवर रोज सकाळी एक वचन येतं तेही वाचते. परवा कुणीतरी म्हणालं की एवढ्यावर भागत नाही, प्रत्येकाने स्वतः अभ्यास करायला हवा. पण जे सेमिनरीत म्हणजे पाळकांच्या कॉलेजात शिकून आलेत, ज्यांना बायबलच्या मूळ भाषा ग्रीक-हिब्रू येतात, त्यांच्यापुढे मला वेगळं असं काय कळणार? आणि चुकीचा अर्थ काढून बसले तर? त्याचीच जास्त भीती वाटते. सुरुवातीपासून वाचायचा प्रयत्न दोनदा केला, दोन्ही वेळा लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी थांबले.

उत्तर १
ताई, माझं सांगतो. नोकरी गेली तेव्हा मला जो तो यिर्मया २९:११ पाठवत होता, तुमच्यासाठी माझे संकल्प हिताचे आहेत, ते वचन. मी ते धरून बसलो की महिन्या-दोन महिन्यांत सगळं सुरळीत होणार, झालं काहीच नाही आणि मग देवावरच राग यायला लागला. शेवटी एका रात्री तो पूर्ण अध्याय वाचला. ते पत्र आहे हो, यिर्मया संदेष्ट्याने बाबेलमध्ये कैद होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेलं! आणि ११ च्या आधीचंच वचन म्हणतं सत्तर वर्षं. तोवर घरं बांधा, बागा लावा, ज्या शहरात आहात त्याचं भलं व्हावं म्हणून प्रार्थना करा. त्याच्या आधीचा २८ वा अध्याय पण वाचा, तिथे हनन्या नावाचा संदेष्टा दोनच वर्षांत सगळे परत येतील असं देवाच्या नावाने सांगतोय आणि ते खोटं होतं. मी यिर्मयाचं वचन हातात घेऊन हनन्याचं ऐकत होतो. वचन खोटं नव्हतं, मला ते अर्धं माहीत होतं. ज्यांनी पाठवलं त्यांनी प्रेमानेच पाठवलं, त्यांनाही अर्धंच माहीत असणार.

उत्तर २
वरचं वाचून मत्तय ४ आठवला. सैतान येशूला मंदिराच्या टोकावर नेतो आणि चक्क शास्त्रातलं वचन सांगतो, स्तोत्र ९१ मधलं, आणि त्यातले "तुझ्या सर्व मार्गांत" हे शब्द गाळून टाकतो. येशू उत्तर काय देतो तर, असंही लिहिलं आहे, आणि अनुवाद नावाच्या पुस्तकातलं ६:१६ हे वचन देतो. म्हणजे वचन ऐकवणारा कोणीही असू शकतो, ते कुठलं आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे हे आपल्याला माहीत नसेल तर आपण मान डोलावणारच.
आणि पास्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल असं वाटत असेल तर प्रेषितांची कृत्ये १७:११ बघा. बिरुया गावच्या लोकांनी प्रेषित पौलाचं बोलणं आनंदाने ऐकलं आणि तरी ते खरं आहे का म्हणून रोज शास्त्रात शोधत राहिले. खुद्द पौलाचं! आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांचं कौतुक करतो. चांगल्या पाळकाला तर असे लोक हवेच असतात.

उत्तर ३
चुकीच्या अर्थाची भीती असणं चांगलंच आहे, ती घालवू नका. प्रेषित पेत्र स्वतः म्हणतो की पौलाच्या पत्रांत काही गोष्टी समजायला अवघड आहेत. कृत्ये ८ मधला तो कूश देशाचा अधिकारी रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता, फिलिप्प नावाच्या सुवार्तिकाने विचारलं समजतंय का, तर म्हणाला कोणी समजावल्याशिवाय कसं समजणार. पण बघा ना, तो आधीच वाचत होता, प्रश्न तयार होता, म्हणून फिलिप्पाला सुरुवात तरी करता आली. स्वतः अभ्यास म्हणजे एकट्याने अभ्यास नव्हे. वाचा, अडेल ते लिहून ठेवा, मग विचारा.
लेवीय सध्या राहू द्या. फिलिप्पैकरांस पत्र घ्या, चारच अध्याय, एका बैठकीत पत्रासारखं वाचा, दुसऱ्या दिवशी परत तेच. कोण लिहितोय, कुठून, कुणाला, आणि कशासाठी, एवढं वहीत लिहा. "मला शक्ती देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो" हे ४:१३ आपण परीक्षेच्या आधी म्हणतो, पण ते लिहिणारा पौल बंदिवासात आहे आणि आधीच्याच वचनात उपाशी राहण्याबद्दल बोलतोय हे कळल्यावर ते वचन वेगळंच लागतं.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस तेच पत्र वाचतेय. "कशाविषयीही चिंता करू नका" हे ४:६ मला पाठ आहे, पण त्याच्या चारच वचनं आधी पौल मंडळीतल्या दोन बायकांना नाव घेऊन विनवतोय की एकमनाच्या व्हा, आणि त्या दोघी सुवार्तेसाठी त्याच्याबरोबर झटलेल्या होत्या. इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आमच्या मंडळीत एका बहिणीशी मी दोन वर्षं नीट बोललेली नाही, तिसऱ्या दिवशी त्या वचनापाशी बराच वेळ थांबले. वहीत तिचं नाव लिहून ठेवलंय, रविवारी भेटते तिला. आणि एक विचारायचंय, ४:३ मध्ये पौल ज्याला "खऱ्या सोबत्या" म्हणून त्या दोघींना मदत करायला सांगतो, तो कोण?